हार गळ्यात घालतात

फोटोत उजेड हीच खरी गोष्ट, बाकी सगळी हमाली. हे मी राजूरला गणपतीच्या रस्त्यावर दुकान टाकून बावीस वर्षं सांगत होतो आणि बावीस वर्षं कुणी ऐकलं नाही. लोकांना मागे देवळाचं शिखर आणि पुढे आपलं तोंड एवढंच पाहिजे असायचं. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. अंगारकीला पाय ठेवायला जागा नसायची, पण माझ्या दुकानाकडे कुत्रंही फिरकेना. शेवटी दुकान सोडलं आणि घरी येऊन चार दिवस नुसती चिडचिड करत बसलो.

गिरिजा, माझी बायको, म्हणाली, "आवो, पुढची खोली रिकामीच हाय. तिथं मांडा की तुमचा उजेड."

टोमणा होता, पण मला पटला.

ती खोली आम्ही लग्नानंतर दोन वर्षांनी बांधली होती, होणाऱ्या मुलांसाठी. मुलं झाली नाहीत. मग तिथे सोयाबीनची पोती आणि भावकीच्या ट्रंका राहू लागल्या. त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. मीही नाही, तीही नाही.

खोलीला उत्तरेला मोठी खिडकी होती. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर एकसारखा राहतो. खिडकीला पांढरं मलमल लावलं. समोरच्या बाजूला थर्माकोलचा मोठा तुकडा उभा केला, म्हणजे चेहऱ्याच्या अंधाऱ्या अंगाला थोडा उजेड परत जातो. मागे राखाडी पडदा, पॅन्टच्या कापडाचा. पडद्यापासून स्टूल चार फूट पुढे, नाहीतर सावली पडद्यावर पडते. स्टुलाचे पाय जिथे येतात तिथे फरशीवर ऑइलपेंटच्या चार खुणा केल्या. कॅमेरा तिवईवर, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला. झाला स्टुडिओ. मोठे स्टुडिओवाले छत्र्या आणि दिवे लावतात आणि माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो.

उजेड जुळवायला समोर माणूस लागतो. गिरिजाला बसवलं. माझ्या आईचं जुनं इरकली लुगडं नेसायला लावलं, डोक्यावर पदर, मांडीवर हातावर हात. गडद कापडावर उजेड कसा उतरतो ते बघायचं होतं. दोन तास मी खिडकीचं मलमल मागेपुढे करत होतो आणि ती कुरकुरत होती.

"कंबर मोडून राह्यली माझी. उठू का?"

"हलू नको."

"भाकरी कोन करंल? तुमचा उजेड?"

शेवटच्या फोटोत तिने वैतागून डोळे मिटले होते आणि कपाळाला आठ्या होत्या. चेहरा वाया गेला होता. पण खांदे, गळा, पदराची कड, एकमेकांवर ठेवलेले ते दोन हात! इतका सुंदर उजेड मी आयुष्यात कधी पकडला नव्हता. वाया गेलेला चेहरा मी कॉम्प्युटरवर पुसून टाकला आणि बाकीचं जपून ठेवलं. हे सांगताना आज मला माझीच लाज वाटते, पण त्या दिवशी मी शीळ वाजवत होतो.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या आळीतला वसंता आला. त्याची आई गेली होती आणि दहाव्याला फोटो पाहिजे होता. आमच्याकडे म्हाताऱ्या बायांचे फोटो नसतात. लग्नात एखादा निघाला तर निघाला, नंतर थेट आधार कार्डाला. आणि आधारच्या फोटोत माणूस कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे. वसंताने खिशातून ते कार्ड काढलं आणि म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, हिच्यातून काय व्हतंय का बघा."

मी त्याच्या आईचा चेहरा कार्डातून घेतला, साफ केला, डोळ्यांत थोडं पाणी आणलं आणि गिरिजाच्या गळ्यावर बसवला. तोंड आधारचं, अंग गिरिजाचं. बेमालूम बसलं. फ्रेम हातात घेतल्यावर वसंता उभ्या उभ्या रडायला लागला. "आई आता बोलंल का काय," म्हणाला.

तिथून काम लागलं. राजूर, आजूबाजूच्या वाड्या, पार हसनाबादकडच्या शेतवस्त्यांपर्यंत. दीड वर्षात अकरा बाया झाल्या. लुगड्याचा रंग मी बदलायचो, कधी निळं, कधी हिरवं. गळा, खांदे आणि हात मात्र तेच. इतके चांगले दुसरीकडे मिळणार कुठे?

गिरिजाला सगळं माहीत होतं. तिला आधी हसू यायचं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अकरा घरात लेकरं माझ्या पाया पडून राह्यली. मला कवा लेकरं झाली ते मलाच कळलं न्हाई." मीही हसलो. तिने तोंड चुलीकडे वळवलं, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मग तिची मान दुखायला लागली. गळ्यात काहीतरी जड घातलंय, असं ती म्हणायची. जालन्याच्या डॉक्टरांनी मणक्याचं सांगितलं आणि पट्टा दिला. पट्टा लावला की जास्त जड. मी नीट बघितलं तर गळ्याभोवती लाल वळ उठलेला, दोऱ्याने काचल्यासारखा. आणि तिच्याजवळ गेलं की झेंडूचा वास. आमच्या अंगणात झेंडू नव्हता. अमावस्येला हे सगळं हमखास व्हायचं. गड्यांना मजुरी देताना मोजतो तसे दिवस मोजले नव्हते मी, पण तिसऱ्या वेळी माझ्याही लक्षात आलं.

एक दिवस दुपारी ती कणीक मळत होती, डाव्या हाताने. ती डावरी नाही. मळता मळता थांबली आणि मला म्हणाली, "हरिओमनं विहिरीवरची मोटर बंद केली का बघा. पोरगं इसरतंय."

आम्हाला विहीर नाही. हरिओम नावाचं आमच्या घरात कुणी नाही. मी विचारलं, "कोण हरिओम?" तर तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, कणीक पुसली आणि म्हणाली, "कोन की वो. तोंडात आलं." त्या दिवशी ती जेवली नाही.

हरिओम कोण ते मला माहीत होतं. अकरावी फ्रेम त्याच्या आईची होती, चतुराबाईची. हसनाबादच्या रस्त्याला त्यांचं शेतातलं घर. बाप आधीच गेलेला, मागे हरिओम आणि त्याची धाकटी बहीण शीतल. मी हे गिरिजाला सांगितलं नाही. ती त्या घराबद्दल कुठे काही ऐकून असेल, अशी स्वतःची समजूत काढली.

फ्रेमा मी जालन्याला मस्तगडात बदरोद्दीनकडून करून घेतो. बाराव्या कामासाठी गेलो तेव्हा त्याने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मच्छिंद्रभाई, ये सब सगी बहनां हैं क्या?"

"नाही बाबा. वेगवेगळ्या गावच्या."

"तो फिर हाथां एकीच कैसे?" तो म्हणाला. मग हळू आवाजात मराठीत, "माझ्या दुकानात हे हात बारा बार आले. दर बार जरा दुबले आले."

मी त्याच्यावर उखडलो. फोटो एकच असताना हात वाळतील कसे? त्याने फोटो माझ्यापुढे सरकवला. मी बघितलं. मनगटाचं हाड वर आलं होतं. मूळ फोटोत ते तसं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ते काम मी केलं नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत करून टाकले आणि तसाच घरी आलो.

आमच्या शेजारी झुंबरबाई राहते. सत्तरीची, तोंडाने फटकळ, गावात कुणाला भीत नाही. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मच्छिंद्रा, हार कुठं घालतेत रे?"

"फोटोला."

"फोटोला न्हाई. गळ्यात घालतेत. हार तोंडाला घालीत न्हाईत. मंग अकरा घरात हार कुनाच्या गळ्यात पडून राह्यलेत?"

मी आमच्या घराच्या दाराकडे बघितलं.

"जित्या बाईच्या गळ्यात मेल्याचा हार! तुला अक्कल हाय का न्हाई? आन् तुझ्या घरात तिचा एक तरी फोटो हाय का भिताडाला?"

नव्हता. बावीस वर्षं फोटोचा धंदा करून माझ्या घराच्या भिंतीवर माझ्या बायकोचा एक फोटो नव्हता.

"आधी तिचा फोटो तुझ्या घरात लाव," झुंबरबाई म्हणाली. "मंग बाकीचे काढ."

मी म्हटलं बरं. पण मनात म्हटलं, आधी फ्रेमा उतरवू, फोटोचं नंतर बघू. अडाणी म्हातारीच्या सांगण्यातला क्रम मी बदलला. शहाणा ना मी!

तेवढ्यात सर्वपित्री अमावस्या आली. त्या दिवशी घरोघरी गेलेल्यांच्या फोटोंना नवे हार पडतात. सकाळी नऊच्या सुमारास गिरिजा अंगणात तुळशीला पाणी घालत होती. एकदम तिची मान खाली गेली. तांब्या पडला. मी धावत जाऊन तिची हनुवटी धरून वर करायला लागलो, तर होईना. पाण्याने भरलेली घागर उचलावी तसं वजन. तासातासाला मान आणखी खाली जात होती. तिचा श्वास कोंडायला लागला. ती बोलत नव्हती, नुसती माझ्या हातावर बोटं रुतवत होती. मी तिची मान दोन्ही हातांवर तोलून पाच तास त्या अंगणात बसलो होतो आणि घाबरून रडत होतो, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही. दुपार टळल्यावर मान सुटली. तिच्या खांद्यावर, पदरात, माझ्या मांडीवर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. कापडाच्या दुकानातला बाईचा पुतळा मागून आणला, त्याला इरकल नेसवली, त्याच स्टुलावर, त्याच खिडकीशी ठेवून फोटो काढला. अकराही चेहरे नव्या अंगावर बसवले, नव्या फ्रेमा केल्या आणि एकेक घर घ्यायला लागलो. सांगायचो की जुना कागद उडणार आहे, फुकट बदलून देतो.

फुकट म्हटल्यावर लोकांनी घेतले, पण कुणी खूष नव्हतं. वसंता नव्या फोटोकडे बघून म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात आई मेल्यावानी दिसून राह्यली."

"अरे, गेलेलीच आहे ना ती."

"तसं न्हाई," तो म्हणाला. "आधी घरात असल्यावानी वाटायचं." जुना परत द्या म्हणून तो मागे लागला. मी दिला नाही. पिशवीत घातला आणि गाडीला किक मारली.

एकेक फ्रेम उतरत गेली तसा गिरिजाच्या मानेवरचा वळ फिका झाला. सहाव्या फ्रेमेनंतर पट्टा सुटला. आठव्या फ्रेमेनंतर झेंडूचा वास गेला. मी इतका आनंदात होतो की काय सांगू. उतरवलेले फोटो परसात जाळायचो आणि तिला म्हणायचो, "बघ, आणलं की नाही तुला परत?" ती मान डोलवायची.

फक्त ती कमी बोलायला लागली होती. टोमणे थांबले. मला वाटलं आजारपणाचा थकवा आहे. मग ती मिठाचा डबा कुठे आहे विचारायला लागली. मग न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे. दहावी फ्रेम उतरली त्या संध्याकाळी मला झुंबरबाईचं बोलणं आठवलं आणि म्हटलं, चला, आता गिरिजाचा फोटो काढू, घरात लावू. तिला स्टुलावर बसवलं. कॅमेरा चेहरा ओळखला की त्याच्यावर पिवळा चौकोन टाकतो. त्या दिवशी चौकोन येईना. तिच्या खांद्यावरून सरकायचा, पडद्यावर जायचा, परत यायचा, पण चेहऱ्यावर थांबायचाच नाही. मी भिंग पुसलं, कॅमेरा बंद करून चालू केला, बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला उठवून त्याच स्टुलावर पुतळा ठेवला, तर त्याच्यावर मात्र चौकोन झटकन बसला.

"राहू द्या," गिरिजा म्हणाली. पहिल्यांदाच ती मला आवो म्हणाली नाही.

आता एकच फ्रेम उरली होती, हरिओमच्या घरची. त्याला फोन केला तर सरळ नाही म्हणाला. "आईला हात लावू नका, काका. शीतल त्या फोटोशी बोलल्याबिगर जेवत न्हाई." दोनदा केला, तीनदा केला. शेवटी म्हटलं, जाऊन हातापाया पडू. नवी फ्रेम पिशवीत घातली. गिरिजा उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आईचं ते इरकली लुगडं नेसून.

"मी बी येते," म्हणाली.

मला बरं वाटलं. तिला समोर उभी करून सांगता येईल, ही बघा जिवंत बाई, हिच्या गळ्यात तुम्ही हार घालताय. पोरं काही वाईट नव्हती, ऐकली असती.

सकाळची वेळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. हसनाबादच्या अलीकडे मी गाडी हळू केली, कारण त्यांच्या घराकडे जाणारी पांदण मला नीट आठवत नव्हती. आईचं कार्ड द्यायला आणि फ्रेम न्यायला हरिओमच माझ्याकडे आला होता, मी तिकडे एकदाच लांबून गेलो होतो. मागून गिरिजा म्हणाली, "त्या दोन बाभळींच्या मधून घ्या."

ती इकडे कधीही आली नव्हती.

घरासमोर गाडी थांबली. ती उतरली, हौदाशी गेली, पायांवर पाणी घेतलं, डाव्या हाताने. बांधलेल्या गाईने तिच्याकडे मान वळवली आणि हंबरली. शीतल ओसरीवर शेंगा निवडत होती. एकोणीस-वीस वर्षांची पोर. तिने वर बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"किती उशीर केलास," शीतल म्हणाली.

"आले ना आता," गिरिजा म्हणाली. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. तिला मिठाचा डबा कुणी दाखवावा लागला नाही.

मी ओसरीवर उभा. समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती, ताज्या झेंडूच्या हारासकट. चेहरा चतुराबाईचा, अंग गिरिजाचं. त्या फोटोतले हात वाळलेले नव्हते. भरलेले होते, गोल, पहिल्या दिवशी स्टुलावर होते तसे. तेव्हा मला कळलं. मी दहा घरांतून तिला काढलं होतं, पण ती माझ्याकडे आली नव्हती. माझ्या घरात तिला यायला जागाच मी ठेवली नव्हती. एकेका घरातून निघून ती पुढच्या घरात जात होती, आणि आता सगळीच्या सगळी इथे होती.

आतून ती ओसरीच्या दारात आली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो गिरिजाचाच होता, असं मला अजूनही वाटतं. पण खात्रीने सांगता येत नाही. सव्वीस वर्षांत मी त्या चेहऱ्यावरचा उजेड बघितला होता, चेहरा बघितलाच नव्हता.

मी पुढे होऊन फ्रेमेच्या खिळ्याकडे हात नेला.

"आवो पाव्हणं," ती म्हणाली, "त्येला हात लावू नका. पोरीला आवडत न्हाई."

रागावून नाही, अगदी मऊ आवाजात, परक्या माणसाला सांगतात तसं. हरिओम शेतातून आला होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला ठेवली. शीतल तिच्या पदराला धरून उभी होती, आणि ती त्या पोरीकडे जशी बघत होती तसं तिने आमच्या घरात कधी कुणाकडे बघितलं नव्हतं. बघायला कुणी नव्हतंच. माझा हात आपोआप खाली आला.

"बसा की," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

मी बसलो. तिने चहा आणला, मिरी घातलेला. आमच्या घरी चहात मिरी घालत नाहीत. ती उंबऱ्याशी टेकली, पदर सारखा केला, आणि पाहुण्याशी चार शब्द बोलावेत म्हणून विचारलं, "घरी कोन कोन असतंय तुमच्या?"

गिरिजा, अशी हाक मारून बघावी असं वाटलं. ती 'कोन गिरिजा?' म्हणाली असती, ते मला ऐकवलं नसतं.

"मी एकटाच आहे," म्हणालो.

तिला वाईट वाटलं. बाईमाणसाबिगर घर कसं चालवता वो, म्हणाली, आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.